साबणाच्या डबीतल्या बांगड्या

मंगळवार संध्याकाळ, मुलुंड

दमले. पोळीभाजीच्या डब्यांच्या परवान्यासाठी आज तपासणीचे साहेब घरी आले. पाण्याचा रिपोर्ट, माझं नि आईचं मेडिकल, डोक्यावरच्या टोप्या, सगळं ठीक निघालं. मग आईच्या हातांकडे बघून म्हणाले, "मावशी, बांगड्या काढा. काच फुटून जेवणात गेली तर?"

बरोबरच आहे ना त्यांचं! मला कसं नाही सुचलं?

आईने हातांना साबण लावला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून साबणाच्या डबीत ठेवल्या. साहेब "मिळेल परवाना" म्हणून गेले. मी हुश्श केलं.

आई तशीच बाबांचा चहा घेऊन आत गेली. बाबा अंथरुणाला खिळलेले, फारसं बोलत नाहीत. त्यांनी कप घेतलाच नाही. तिची मनगटं बघत राहिले.

"काय गं, मी आहे ना अजून?"

आई हसली. "नियम आहे हो." मला हसू येईना.

आत्ता त्यांचं ताट नेण्याआधी तिने डबीतल्या बांगड्या परत चढवल्या. म्हणजे रोज डब्यांसाठी काढायच्या, बाबांसाठी घालायच्या.

डबे आम्ही दोघी करतो, परवाना मात्र माझ्या एकटीच्या नावावर निघणार.