अहो म्हटल्यावर भूत ओ देत नाही

२५ ऑक्टोबर, शनिवार

सुमंतची बदली झाली, जबलपूरला. रेल्वेची नोकरी, होणारच. म्हणाला, आई, तुलाही यायचंय, इथे काशीत, दूधविनायकाच्या गल्लीत एकटी राहिलीस तर घाबरशील. मी म्हटलं, भुतंसुद्धा माझ्या वाटेला जात नाहीत. ह्यावर नात देवयानीनं कम्प्युटर उघडला.

गेम आहे. भुताचं घर. आत शिरायचं, पुरावे शोधायचे आणि भूत कुठल्या जातीचं ते ओळखायचं. मुंजा, हडळ की खवीस. ओळखलं की त्याचं बटण दाबायचं. बटण चुकलं किंवा खुर्ची सोडून पळालं की हार.

शर्त लागली. कार्तिकी पौर्णिमेच्या आत एक घर मी जिंकलं तर काशीतच राहणार. नाही तर बोचकं बांधायचं. सुमंत हसत हो म्हणाला. हसू दे. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण भुतांचा माझा अभ्यास पक्का आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार, दुपार

कानाला हेडफोनचे डबे लावून बसले. घराचं दार करकरलं. तेवढ्यात गॅसवर दूध आठवलं म्हणून उठावं लागलं. देवयानी म्हणाली, आजी, गॅसवर दूध नव्हतं. ठेवायचं होतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

नवी स्ट्रॅटेजी. (शब्द देवयानीचा. अर्थ डोकं चालवणे.) आत जायचंच नाही. उंबऱ्यावर उभं राहून विचारायचं, कोण आहे रे आत. चोर असला तरी घाबरतो.

आतून कुणी तरी चालत आलं. पाय दिसत नव्हते, नुसती पावलं वाजत होती. माझ्यासमोर येऊन थांबली. मग कानात श्वास.

हरले नाही. बिजली गेली. देवयानी म्हणते, आजी, प्लग तूच ओढलास. तेच ते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आवाज बंद करून खेळले. फार छान जमलं, अजिबात भीती वाटली नाही. भूत पाठीमागून आलं आणि मी मेले. देवयानी म्हणाली, आजी, आवाज हाच तर पुरावा असतो. हे आधी सांगायला काय झालं होतं तिला?

आजपासून देवयानी माझ्या खोलीत झोपेल. तिला थंडी वाजते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पंचगंगा घाटावर गेले. कार्तिकात तिथे बांबूवर टोपल्या चढवून आकाशदिवे लावतात, गेलेल्यांना वरची वाट दिसावी म्हणून. ह्यांच्या नावाचा लावला. वर जा आणि वरच राहा म्हटलं. मग शेजारच्या त्या देवाला हात जोडले. त्या देवाचं आणि ह्यांचं नाव एकच, म्हणून लग्न झाल्यापासून मी देवाचंही नाव घेत नाही. गुरुजी नेहमी विचारतात, आजी, कुठल्या देवाला निघालात? मी म्हणते, ह्यांच्या.

दुपारी खेळले. खोलीत गारठा सापडला, भिंतीवर ओरखडे सापडले. दोन पुरावे. मी म्हटलं, मुंजा. होती हडळ. माझ्या माहेरच्या गावी मुंजेच ओरखडत. गेम करणाऱ्यांना गावाची माहिती नाही.

रात्री उठायची वेळ आली तर देवयानीला उठवते. तिलाच अंधारात चालायची सवय व्हायला हवी. जबलपूरला उपयोगी पडेल.

१ नोव्हेंबर, शनिवार

फिल्टरमधून थेंब पडला. मी रामरक्षा म्हटली. शेजारची बकुळ दाराशी आली होती, तिनं ऐकली. म्हणाली, काकू, आज अवेळी? मी म्हटलं, पाठ विसरू नये म्हणून. बकुळ म्हणाली, मग दाराला आतून खुर्ची कशाला लावलीत? बकुळला दुसरे उद्योग नाहीत.

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

आज जिंकणार. खविसाचे तीन पुरावे पाठ केले. गारठा, ओरखडे, आणि नाव घेऊन हाक मारली की ओ देतो. हाक माइकमध्ये मारायची. भुताचं नाव भिंतीवर लिहिलेलं असतं. सोपं आहे.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

शाल गुंडाळून लिहितेय. थंडी आहे.

गारठा सापडला. ओरखडे सापडले. माझा आवाज एकदाही चढला नाही, देवयानी साक्षीला आहे. मग भिंतीवर बॅटरी मारली. लाल अक्षरांत नाव होतं. ह्यांचं.

नाव कुणी भरलं, विचारलं. देवयानी खाली बघत म्हणाली, सुरुवातीला कुणालाही भरता येतं, बाबांनी भरलं. सुमंत, माझ्या पोटचा. सामोसे आणतो म्हणून खाली गेला होता.

मी हटले नाही. माइकमध्ये म्हटलं, अहो. काही नाही. ऐकलंत का. काही नाही. सुमंतचे बाबा. काही नाही. देवयानी म्हणाली, आजी, गेमला नावच लागतं. म्हटलं, ह्यांना चाळीस वर्षं लागलं नाही. ती म्हणाली, आजी, ते मागून येतंय, लवकर.

मग एकच रस्ता उरला. उखाणा घेतला.

पंचगंगेच्या पायरीवर दिव्यांची रास,
बिंदुमाधवरावांचं नाव घेते भुतासाठी खास.

सगळं शांत झालं. मग अगदी कानात, घोगऱ्या आवाजात, ओ आली. "आलो."

जेवायला बोलावलं की हे खालून असंच म्हणायचे. तेवढंच.

देवयानी ओरडत होती, आजी, खवीस आहे, बटण दाब, जिंकलीस. हे मी जिन्यात ऐकलं. कानाला डबे तसेच, वायर मागे लोंबत होती. गल्लीत अनवाणी, बकुळच्या दारापर्यंत. तिथे सुमंत सामोसे घेऊन उभा. मी म्हटलं, तुझे बाबा आलेत. चहा मागतील. मी करणार नाही.

तो हसला नाही. वर गेला आणि माझ्या चपला घेऊन आला.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा

सकाळी गुरुजींना ह्यांच्यासाठी आणखी एक आकाशदिवा लावायला सांगितला. मोठा. गुरुजी म्हणाले, एक लावलाय की. म्हटलं, त्याचा उजेड पुरला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जबलपूरला जायचं मी ठरवलंय. सुमंत नव्या जागी एकटा घाबरेल. लहानपणापासून भित्रा आहे. बोचकं बांधलं.

देवयानीनं विचारलं, कम्प्युटर कुठल्या खोलीत ठेवायचा? म्हटलं, इथेच राहू दे. ह्यांना सोबत.

दिवा चालू ठेवलाय, लिहायला लागतो म्हणून. लिहून झालं. चालूच राहू दे.