सिलिंडर रेणूला, घनश्यामला काही नाही

मी, भूषण मोतीलाल निखारे, गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी जन्मलेला, घर आंधळगावला (मी बहुधा रस्त्यावर), कोणाच्या सांगण्यावरून नाही तर आज डोकं शांत आहे म्हणून हे लिहून ठेवतो. मी मरायला निघालेलो नाही. आंबागडच्या उतारावर गाडी चालवताना झटका आला, उजवा डोळा पाण्यानं भरला आणि गाडीसकट नाल्यात गेलो. तिथं पडल्या पडल्या कळलं की मी गेलो तर माझं सामान चुकीच्या हातात जाईल. (वर किल्ल्याकडे सीताफळं फार गोड. असो.)

आजाराचं नाव क्लस्टर डोकेदुखी. एकाच डोळ्यामागं कोणी तापलेली सळई फिरवतं. ही अर्धशिशी नाही, करणी नाही. गोदावरीबाई आत्यानं बांधलेला ताईत तिला दोऱ्यासकट परत द्यावा.

१. मोटारसायकल आई गीताबाईला. विकावी किंवा पेटवावी. माझ्या हिंडण्याचा राग तिनं गाडीवर काढावा.

२. बाबांना काही लागत नाही, त्यांना हातमाग आहे. फक्त एक तक्रार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झटका आला की: ताठ बसायचं, मास्क घट्ट, ऑक्सिजन लिहून दिला तेवढा पूर्ण सोडायचा. बाबांनी मागून हळूच सिलिंडरची चावी बारीक केली. "पुरवून पुरवून घे ना बापा, येवढी हवा काहून उडवून राह्यला?" विणकर माणूस, तुटलेलं सूतही गाठ मारून वापरणारा. मी भिंतीवर डोकं आपटत होतो आणि ते हवा वाचवत होते. प्रेमानं. हा राग मी कोणाच्या नावे करत नाही, माझ्याजवळच ठेवतो.

३. 'एकडोळे' हा आमचा मोबाइलवरचा गट. लाखांदूरच्या हर्षाताईंनी काढला, आता मी सांभाळतो. तिथं एकच रीत: आधी "माह्या डोक्यापुरतं" लिहायचं, मग काय ते सांगायचं. गटात एक डॉक्टर आहेत, तेही लिहितात. एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला मारतं. शाळेत मला कोणी काही शिकवू शकलं नाही. इथं शिकलो, कारण इथं कोणी मास्तर होत नाही.

४. मास्तर झाला एकच. माझा चुलतभाऊ घनश्याम. ह्याचं डोकं जन्मात दुखलं नाही. माझाच फोन उचलून गटात शिरला आणि दिघोरीच्या रेणूला हुकूम सोडला: "अंधाऱ्या खोलीत आडवं पडा, हलू नका." माह्या डोक्यापुरतं नाही, काही नाही. सासरच्यांनी ते वाचलं आणि बाहेरून कडी लावली. ह्या दुखण्यात माणसाला आडवं पडवत नाही, येरझाऱ्या घालाव्या लागतात. ती आतून दार बडवत राहिली.

"मी तं भल्यासाठीच सांगतलो," घनश्याम म्हणे.

तुझं भलं तुझ्या घरी ठेव, भाऊ.

म्हणून सिलिंडर, मास्क, चावी, सगळं रेणूला. डॉक्टरांनी तिला तपासून लिहून दिल्यावरच वापरावं आणि चावीला घरच्यांनी हात लावू नये. गटही तिनंच चालवावा. हर्षाताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मले नको देऊ रे. पुन्हा माह्याच हाती आलं तं मीबी हुकूम सोडाले लागीन." रेणू गटात लिहिते, "मले समजत नाही, पुन्हा सांगा." असं लिहिणारं माणूसच तिथं बसावं.

घनश्यामला काही नाही. माझी जुनी चप्पलसुद्धा नाही.

५. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चांगला, असं ऐकून आहे. हर्षाताई त्यासाठी एसटीनं आल्या. दुसरा घनश्याम. त्याला समोर बसवून वाचायला दिलं.

"येवढं लिहाचं होतं का, भूषण?"

"होतं."

त्यानं पेन हातात घेतलं, टोपण काढलं. मग म्हणाला, "रेणूबाईले आता कसं हाये?"

गटात शिरल्यापासून त्यानं कोणाला काही विचारलं असं हे पहिल्यांदाच. मी सांगितलं, तूच विचार तिला.

कलम चार तसंच राहील.

लिहून देणार: भूषण मोतीलाल निखारे
साक्षीदार: हर्षा अमर बगमारे, लाखांदूर
साक्षीदार: घनश्याम पुंडलिकराव निखारे
ठिकाण: आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३