वरच्या मजल्यावरचा ओटा

३ फेब्रुवारी
साचा काढला! एक कोपरा जरा ढासळलाय, बाकी ओटा एकसंध. वरच्या मजल्यावर आता माझं स्वतःचं स्वयंपाकघर. सिमेंट, खडी, सगळं मीच कालवलं, व्हिडिओ बघून. सासूबाई जिन्यातून डोकावल्या. "गव्हाण बांधलीस व्हय गं?" बांधली तर बांधली.

९ फेब्रुवारी
पाणी मारत ओट्यावर ग्राइंडर फिरवतेय. आधी खरखरीत चकती, मग बारीक. नाकातोंडात सिमेंटचा राडा. पण हात फिरवला की गार, गुळगुळीत — नुकत्या धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.
हे रोज विचारतात, "लग्नाआधी हुईल न्हवं?" धाकट्या दिराचं, सम्राटचं लग्न महिनाअखेरीला. नवऱ्याला एवढी हौस बघून बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी
मुलीकडचे घर बघायला आले. मोनाही होती, होणारी जाऊ. सासूबाईंनी सगळ्यांना थेट वर आणलं. मी चहाचा ट्रे घेऊन मागं. ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्ये मोनाचं सैपाकघर. थोरली खाली, माझ्यासंगं."
मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते.
मोना माझ्या बोटांकडं बघत राहिली, सिमेंटनं फाटलेल्या. मी हात पदराआड घेतले.

१५ फेब्रुवारी
"कधी ठरलं?" रात्री ह्यांना विचारलं.
"दिवाळीतच. तुजा उत्साह मोडवंना."
म्हणजे मी खडी चाळत होते तेव्हा माहीत होतं. शेजारी बसून पाणी ओतत होते तेव्हाही! केसानं गळा कापला माझा. परक्यानं केलं असतं तर भांडले असते. इथं रडूसुद्धा येत नाही.

१८ फेब्रुवारी
सीलर राहिलाय. तो लावल्याशिवाय ओटा तेल, हळद सगळं पितो. आंबट पडलं तर पॉलिशच खातं.
"सीलर लावलास न्हवं?"
"व्हय."
डबा माळ्यावर आहे, न उघडलेला. नुसता ओला फडका फिरवला, तर चमकला. हे खूश. असू दे.

२७ फेब्रुवारी
लग्न झालं. वरातीत सगळ्यांच्या पुढं मी नाचले.

१ मार्च
मोनाच्या हातचा पहिला स्वयंपाक, वर. पुरणपोळी, कटाची आमटी. चिंचेचा कोळ सांडला. तिनं लगेच पुसला, तरी तपकिरी चट्टा उठला. घासला तसा पसरला. सासूबाई सगळ्या पावण्यांदेखत म्हणाल्या, "पयल्याच दिशी वाटुळं केलंस की गं." पोरगी तिथंच रडायला लागली.
मी दारात उभी होते. हेच तर हवं होतं मला. तरी बघवेना, खाली आले.

२ मार्च
मोना सकाळी माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, म्या आमच्या ह्यास्नी लग्नाआधीच सांगिटलंतं, वरचा वटा ताईंनी केलाय, तितं त्याच रांधतील. म्या खाली ऱ्हाते. कालचा येक सैपाक तेवढा सासूबाईंनी वर करायला लावला. आनि म्या तुमचा वटा नासला."
माझा हात धरून माफी मागत होती. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.