मामांच्या चाकूची पोच

तीर्थरूप मामांना चष्मेवाल्या भाच्याचा दोन्ही हात जोडून (डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, तो जरा बाजूला धरून) नमस्कार. तुमचे गुडघे, मामीचा खोकला आणि तुमचा त्या दोहोंवरचा राग, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. आम्ही बरे आहोत. अंगठ्याचं खाली येईलच.

तुमचं पार्सल पोचलं. लोकरी मोज्यात गुंडाळलेला चाकू, सोबत चिठ्ठीचा कपटाही नाही. (मोजा एकच निघाल्यामुळे बायको अजून खोका फेकू देत नाही.) मग चाकू टेबलावर ठेवून आम्ही सगळे मुलाखत घ्यायला बसल्यासारखे त्याच्याभोवती बसलो. मोठं पातं मी उघडलं, म्हणजे उघडायला घेतलं. त्यावरची नखाची खाच माझ्या नखाला दाद देईना, जोर केला तसं ते खट्कन उघडलं आणि अंगठा मध्ये आला. धार उत्तम आहे, हे मी रक्ताने लिहून देतो. वाकड्या टोकाचं पातं आईने ताब्यात घेतलं, त्याने ती उशीच्या अभ्र्यांची शिवण उसवते. (भाऊ लहानपणापासून वस्तू देतो, पण वापरायची अक्कल सोबत देत नाही, असं तिचं म्हणणं.) छोट्या करवतीने मी आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या खणाचा अडणारा कोपरा कापला. खण आता अडत नाही. थांबतही नाही, ओढला की थेट पायावर येतो. मालक हल्ली माझ्याशी खाणाखुणांनी बोलतात. राहिलं चौथं पातं, त्याला धारच नाही. बायको म्हणाली, वाया कशाला घालवायचं, आणि त्याने पावाला लोणी लावू लागली.

इथे घोटाळा झाला. सकाळी आईने ते लोणी माखलेलं पातं पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. "अगं, याने तो कलमाची साल उचलतो," ती म्हणाली. "त्याने हा चाकू कधी मला हातात धरू दिला नव्हता." त्यानंतर तिने शिवण उसवली नाही, की चहाही संपवला नाही. तुमच्या अंगणातलं ते दोन रंगांच्या फुलांचं झाड मला आठवलं. त्याचा सांधा मी कितीदा बोटाने चाचपला, कधी सापडला नाही. असं काम करणारा माणूस आपला चाकू चष्म्याच्या काचा घासणाऱ्या भाच्याला का पाठवेल?

म्हणून मामीला फोन केला. पार्सलचं विचारलं तर ती भलतंच बोलत राहिली: यंदा एकही कलम धरलं नाही, काप रेघेच्या शेजारी पडतो, आणि तुम्ही म्हणता की हात गेला. मामा, मी दिवसभर ज्या लोकांत बसतो त्यांचं ऐका. कुणी सांगतो, हल्ली पेपरची छपाई बिघडली. कुणी सांगतो, दिवे पूर्वीसारखे लागत नाहीत. एका बाईंनी सुनेचं अक्षर खराब झालं म्हणून भांडण काढलं होतं. डोळ्याचं नाव कुणी घेत नाही. परक्या माणसाला मी सहज सांगतो, तुम्हाला सांगताना जीभ रेटत नाही, कारण आपल्या घरात बारीक बघायचं काम तुमचं. तरी सांगतो. हात असा एका हंगामात जात नसतो.

तेव्हा निकाल असा: चाकू अव्वल, आमचं घर त्याच्या लायकीचं नाही.

तुमचा,
साडेनऊ बोटांचा भाचा

ता. क. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बसतात. कमी बोलतात, तुमचं जमेल. एकदा दाखवून जा. चाकू टपालाने परत मिळणार नाही, येऊन न्यावा लागेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामीचा फोन आला. पार्सल तुम्ही पाठवलंच नव्हतं म्हणे, तिने पाठवलं. तुम्ही आठवडाभर सगळं घर उलटंपालटं करताय, चाकू त्यानेच नेला म्हणून शेजाऱ्याशी अबोला धरलाय, आणि काल तर चाकू मिळेपर्यंत जेवणार नाही म्हणालात. मामा, चाकू तुम्ही अजून सोडलेला नाही, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! शेजाऱ्याची माफी मागा आणि मिळेल त्या गाडीने या.