ओट्याखालचं पाणी

आई, नळाला पाणी यायच्या आधी तुम्ही मला हलवून उठवता. हंडा, कळशी आणि बादल्या दाराशी मांडून झालेल्या असतात, स्टोव्हवर आधण ठेवलेलं असतं. मी चहाच्या भांड्याकडे हात नेते तशा तुम्ही म्हणता, "आदी ओटो धू, मगे च्याय." मग मी पदर खोचून एक बादली वेगळी काढते, खराटा घेते आणि बाहेर जाते. ओटा धुऊन आले की रात्रीची भांडी राखेने घासायची, तांदळाच्या पिठाची उकड काढायची, भाकऱ्या थापायच्या, तुमच्यासाठी एक मऊ बाजूला ठेवायची, डबा भरायचा आणि साकीनाक्याची बस धरायची. अशी एकच सकाळ सांगते आहे, पण तुम्ही होतात तोवर सगळ्या अशाच होत्या. म्हणून मला त्यातली कुठलीही आठवली तरी चालते.

माझ्या माहेरच्या आईला मी अगंतुगं करायची. तुम्हाला लग्नानंतर आई म्हणायला लागले तरी शेवटपर्यंत तुम्हीच म्हणत राहिले. तुमचा मुलगा गेला तेव्हा लोक मला सांगत होते, आता सासूला सांभाळ, आणि तुम्हाला सांगत होते, आता सुनेला सांभाळा. आपण दोघींनी कुणाचंच ऐकलं नाही. तुम्ही आपलं काम करत राहिलात, मी माझं. घाटकोपरच्या टेकडीखालच्या त्या चाळीत आपलं घर बाहेरून होतं तसंच चाललेलं दिसायचं. ओटा मात्र नवा होता. त्याच्या आठवणीसाठी मित्रांनी वर्गणी काढून बांधला. दोन चाळींच्या मधून टेकडीवरचा व्हाळ, पावसाळी ओढा, वाहायचा, त्यात त्यांनी एक सिमेंटचा पाइप टाकला, वर दगड रचले, शहाबादी फरशी बसवली आणि दर्शनी बाजूला त्याच्या नावाची फरशी लावली. जागा मोकळी होती, म्हणून तिथे. दुसरं कारण नव्हतं. चाळीतल्या सवाष्णी गुरुवारी त्या नावाला हळदकुंकू लावायला लागल्या. आपण दोघी ते लावत नसू. आपल्याकडे धुण्याचं काम होतं.

संध्याकाळी तुम्ही तिथे जाऊन बसायचात. कुणी शेजारी टेकायला आलं की सरकून जागा द्यायचात, पण नावाच्या बाजूला कुणाला बसू द्यायचा नाहीत. "थंय माजो झील बसलोहा," असं मुलाच्या नावाकडे बोट करून म्हणायचात तेव्हा समोरचा माणूस उठून दुसरीकडे बसायचा, हसायचं धाडस कुणाला नव्हतं. मी तिथेच वाचायला शिकले हेही खरं. शाळा माझी चौथीतच सुटली होती. वाण्याच्या पुडीचा कागद सरळ करून मी अक्षर अक्षर लावायची आणि तुम्ही म्हणायचात, "वाचून भाकरी फुगता काय गो?" आणि तुम्ही गेल्यावर तुमची गादी उन्हात घालायला उचलली तर खाली कागदच कागद. साखरेचे, डाळीचे, चुरमुऱ्यांचे. एकेक हाताने सपाट केलेला. माझ्यासाठी ठेवत होतात आणि द्यायला विसरत होतात, की द्यायची लाज वाटत होती, ते तुम्हालाच ठाऊक.

तुमच्या आजारपणात एकदा तुम्ही माझं मनगट धरलंत. बोलायला त्रास होत होता. म्हणालात, "मी गेलंय तरी ओटो सांभाळ." मी हो म्हटलं. ते हो मी पुढची काही वर्षं रोज सकाळी पाळलं. पुढे काय झालं ते आज लिहिते आहे.

वरच्या मोकळ्या जागेवर दवाखाना व्हायचा ठरला. सोबत बाळंतपणाच्या खाटाही. त्यासाठी आपल्याच बायका मोर्चा घेऊन गेल्या होत्या, मीही गेले होते, कारण आपल्या टेकडीवरून अडलेल्या बाईला खुर्चीत बसवून खाली न्यावं लागायचं. तेव्हा काम सुरू झालं तसा सगळ्यांना आनंद झाला. भराव पडला, जागा सपाट झाली, स्लॅब चढला. पूर्वी त्या उतारावर गवत होतं. पाऊस त्यात निम्मा जिरायचा, उरलेला इकडून तिकडून झिरपत व्हाळाला मिळायचा. आता खाली काँक्रीट आणि वर गच्ची. सगळं पाणी एका तोंडातून बाहेर येणार, म्हणून तिथून मोठ्या नाल्यापर्यंत पावसाळी गटार बांधायचं होतं. इंजिनिअर आला, तरुण, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने माणसांकडून चुन्याची फक्की टाकून घेतली. मी कामावरून आले तेव्हा पांढरी रेघ वरून सरळ येऊन ओट्याच्या कडेला थांबली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती तिथून काटकोनात वळून खालच्या ओळीच्या बोळात शिरलेली.

मी चाळ कमिटीच्या सेक्रेटरींना विचारलं. तुमच्या मुलाचे जुने मित्र, ओटा बांधण्यात पुढे होते ते. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला काळजी करता? ओट्याला कुणाचा बाप हात लावत नाही. मी आहे ना." मला बरं वाटलं. मी घरी येऊन तुमच्या फोटोला सांगितलंसुद्धा.

मग माझ्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारी वरून पाणी सुटलं. स्लॅब मुरावा म्हणून त्यावर सिमेंटचे छोटे बांध घालून तळं केलेलं असतं, ते कामगारांनी फोडलं. पावसाच्या मानाने ते पाणी म्हणजे काहीच नाही. ते नव्या खणलेल्या चरातून धावत आलं, ओट्यापाशी वळणावर आदळलं, उसळलं आणि थेट समोरच्या खोलीत शिरलं. तिथे खालच्या ओळीतली एक नवी सून. पोट पुढे आलेलं, मोरीच्या कट्ट्यावर चढून उभी होती, हातात तांदळाचा डबा. मी धावले. आम्ही दोघींनी गोणपाटाने पाणी ओढून काढलं. गादी भिजली होती.

"काही नाही मावशी, पुसलं की झालं."

"पावसात काय करशील? तेव्हा कुशीत पोर असेल. कमिटीत बोलली का नाहीस?"

ती गोणपाट पिळत राहिली. मग म्हणाली, "ओट्याचं कसं बोलायचं? सासूबाई म्हणाल्या, गप्प बस. त्या बाईचं तेवढंच आहे."

त्या बाईचं तेवढंच आहे. आई, मी तो बोळ ओलांडून ओल्या पायांनी घरी आले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. रेघ वळवली तेव्हा पाणी कुणाच्या दारात जाणार हे खालच्या ओळीला माहीत होतं, कमिटीला माहीत होतं. पलीकडे कारखान्याची भिंत, तिकडून गटाराला वाट नाही, हेही माहीत होतं. कुणी वाईट नव्हतं. माझं मन मोडू नये म्हणून सगळे गप्प बसले होते, आणि मला विचारायला हवं एवढंच कुणाला सुचलं नव्हतं.

इंजिनिअर वर सिमेंटच्या गोण्यांवर बसून डबा खात होता. मी विचारलं तर तो चिडला नाही. "बाई, मी काल शिकलेला नाही. सरळ रेघ ओट्याखालूनच जाते. पाण्याची जुनी वाट तीच आहे, उतार तिथेच मिळतो. वळण दिलं की पाणी तिथे मार देणार. मी सांगितलं तुमच्या लोकांना. ते म्हणाले, ओट्याला लावाल तर काम बंद पाडू. दवाखाना अडकण्यापेक्षा गटार वाकडं बरं, असं म्हटलं मी."

"आणि मी सांगितलं तर?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही कोण?"

"ज्याचं नाव आहे त्याची बायको."

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "मग आजच सांगा. उद्या पाइप येणार. एकदा पाइप बसले की मलाही काही करता यायचं नाही."

त्या संध्याकाळी मी कमिटीत गेले. सेक्रेटरी कॅरम बोर्डवरून उठले नाहीत, त्यांना वाटलं वर्गणीचं काही असेल. मी म्हटलं, "भावोजी, ओटा काढा. गटार सरळ जाऊ दे." कॅरम थांबला. ते म्हणाले, "वहिनी, हे काय डोक्यात घेतलंत? मित्राचा ओटा मीच फोडला म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"माझं नाव सांगा. वहिनीने फोडायला लावला म्हणा."

"आईंना काय वाटलं असतं?"

हा प्रश्न ते विचारणार हे मला माहीत होतं. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. तुम्ही खालच्या ओळीतल्या बाळंतिणीला पेज करून नेणाऱ्या होतात, आणि नावाच्या बाजूला कुणाला टेकू न देणाऱ्याही होतात. सोयीचं वाक्य तुमच्या तोंडी घालून मी सुटू शकले असते. ते मी केलं नाही. म्हटलं, "आई काय म्हणाल्या असत्या ते माहीत नाही. त्या नाहीत. मी आहे, आणि मी सांगते आहे."

दारात गर्दी जमली होती. आपल्या शेजारीण काकी मागून म्हणाल्या, "खुळावलंस काय गो? घोवाचा नाव पुसूक निघालंस?" मी वळून म्हटलं, "काकी, त्याच्या नावाखाली त्या पोरीच्या घरात पाणी भरतंय. तुमच्या घरात भरलं असतं तर?" "माज्या घरात कित्याक भरात?" त्या म्हणाल्या, पण आवाज उतरला होता. सेक्रेटरी म्हणाले, विचार करू, रविवारी मीटिंग घेऊ. मी म्हटलं, पाइप रविवारची वाट बघणार नाहीत. आणि तिथेच बाकड्यावर बसले. ते हो म्हणेपर्यंत उठले नाही. मला कुणी ऊठ म्हणू शकेना, ते एक बरं होतं. विधवेला ऊठ म्हणायला लोक कचरतात, ती सवलत मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरली.

सकाळी कामगार पहारी घेऊन आले आणि ओट्यापाशी अडले. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "बाई, हळदकुंकू हाय. ह्ये देवाचं हाय. आमी न्हाई हात लावणार." सेक्रेटरींनी समजावलं, इंजिनिअरने समजावलं. तो पहार टेकून नुसता मान हलवत राहिला. लोक माझ्याकडे बघत होते. मी घरात जाऊन पाणी आणलं, ओटा धुतला, रोज धुते तसा. मग पदराच्या टोकाने नावावरचं कुंकू पुसलं. फटीत बसलेली हळद निघेना, ती नखाने काढली. कुणीतरी बाई रडायला लागली होती, कोण ते मी पाहिलं नाही. म्हाताऱ्याला म्हटलं, "आता हा दगड आहे. मारा." नावाची फरशी त्यांनी आधी अलगद सुटी करून माझ्या हातात दिली. ती दवाखान्याच्या भिंतीत बसवू असं सेक्रेटरी म्हणाले, मी नको म्हटलं. दवाखाना सगळ्यांचा होता. ती घरात आणली, अजून घरातच आहे.

खालचा पाइप निघाला तो आरपार गाळाने भरलेला. मुळं शिरली होती. आपण इतकी वर्षं वरून धूत होतो आणि खालून थेंबभर वाट उरली नव्हती. दुपारपर्यंत चर सरळ झाला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्न नाही. तुमचा पत्ता असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण आता जे लिहिते आहे ते तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. पहार पहिल्यांदा बसली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला हलकं वाटलं. ओट्याजवळून जाताना लोक आवाज खाली करायचे, पोरं खेळता खेळता थबकायची, आणि मला रोज, जाता येता, त्याची बायको म्हणून चालावं लागायचं. ते संपलं असं वाटलं. तो गेल्याचं दुःख तसंच राहिलं, आहे, त्याला ओटा लागत नव्हता. पण मला हलकं वाटलं, आई, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखाना पुरा व्हायला अजून अवकाश होता. म्हणून ओटा काढल्याच्या दुसऱ्या दिवशीही मी कामावर रजा टाकली, आणि खालच्या ओळीतल्या त्या पोरीला घेऊन बसने मोठ्या हॉस्पिटलात बाळंतपणासाठी तिचं नाव घालायला गेले.