सागवानी पाळणा, सुलतानपूर ते मेलबर्न

४ ऑगस्ट
लेक संजीवनीला मेलबर्नमध्ये बाळंतपणाची ऑक्टोबरअखेरची तारीख दिली आहे. ठरलं. बारसं आमच्याच सागवानी पाळण्यात होणार. त्यात तिचं झालं, माझंही झालं. जावई हर्षल फोनवर म्हणाला, मामा, इथं दुकानात भेटतात पाळणे. लहान आहे. आयुष्यभर भाजीच्या गाड्या भरून जालन्याला पाठवल्या. जहाज म्हणजे पाण्यावरची गाडी.

७ ऑगस्ट
चिखलीत हरिओमच्या कार्गो ऑफिसात. अडाणी दिसायचं नाही असं ठरवून गेलो होतो. जहाज कधी पोहोचतं? म्हणाला, दीड-दोन महिने धरा. विमान? त्यानं भाडं सांगितलं. समुद्रच बरा. देवही क्षीरसागरातच राहतो.
भाडं वजनावर नाही, जागेवर. म्हणजे पाळण्यातल्या पोकळ हवेचंही! हरिओम म्हणाला, काका, हवा काढून द्या, मंग कमी करतो.
कंटेनरमध्ये इतरांचाही माल असतो. शेजारी चामड्याच्या चपला असल्या तर? म्हणाला, काका, एसटीत शेजारी कोन बसते ते पाहता का तुमी?
पाहतो.

८ ऑगस्ट
लाकडाला म्हणे फ्युमिगेशन लागतं. म्हणजे धुरी. ऊद-गुग्गुळ घालून देवासमोर दिली. फोनवर तसं कळवलं. हरिओम म्हणाला, कीड मारायची सरकारी शिक्क्याची धुरी मुंबईत देऊ, तुमी फकत खोकं भरा आन जे भराल ते मले सांगा.
सांगितलं : लाकडी पाळणा, एक.

१२ ऑगस्ट, पहाटे
मोठी गोष्ट सुचली. भाडं जागेचं देतोच आहोत, तर वजन फुकट! शिवाय रिकामा पाळणा पाठवू नये. बारशाला बाळाआधी वरवंटा निजवतात. तो मेलबर्नमध्ये कुठून आणणार?

तोच दिवस, दुपारी
ही देवळात गेली तेव्हा पाट्यावरचा वरवंटा उचलला. टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवला. भोवती गहू, हळकुंडं, आणि कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. खोकं ठोकून टेम्पोनं रवाना. हरिओमला कळवलं नाही. घरच्या दगडाची काय नोंद?
हिला उद्या सांगेन.

१३ ऑगस्ट
सांगितलं नाही. ही शेजारच्या सरस्वतीबाईंना विचारून आली, तुमी नेला का वो माहा वरवंटा? जेवणात मिक्सरची चटणी. निमूट खाल्ली. खोटं बोललो नाही, नुसता गप्प होतो.

३० ऑगस्ट
मोबाईलवर समुद्रातली जहाजं दिसतात. आपलं कोणतं ते हरिओम नक्की सांगेना, म्हणून मीच ओळखलं. हिरवं, श्रीलंकेच्या खाली, शांत चालीचं. रोज पूजेनंतर त्यालाही एक फूल.
पारावर लोक सल्ला घेतात. नारायणरावांना लसूण दुबईला पाठवायचाय. म्हटलं, कागदावर जे, तेच खोक्यात. बाकी देवाची इच्छा.
हिचं आणि सरस्वतीबाईंचं बोलणं बंद.

१६ सप्टेंबर
हरिओमचा फोन. खोकं मुंबईतच आहे. जहाजावर चढलंच नव्हतं. तपासणीच्या मशीनमध्ये पाळण्यात काहीतरी निजलेलं दिसलं. माणसं धावली, खोकं फोडलं. काका, दगडाले टोपडं काऊन घातलं? मी रीत समजावली. म्हणाला, मले समजते हो, पण त्या साहेबाले काय सांगू, हा दगड कोनाचा कोन लागते? कागदावर पाळणा एक, आन आत अर्धं किराणा दुकान. गहू-पाला तर तिकडं चालतच नाही. माल वापस येऊन राह्यला.
हिरव्या जहाजाचं फूल बंद केलं नाही. त्याचा काय दोष?

२९ ऑक्टोबर
नात झाली! देवापुढे साखर ठेवली. संजीवनीनं विचारलं, बाबा, पाळणा कुठवर आला? म्हटलं, वाटेत आहे. खरंच आहे. फक्त वाट इकडची आहे.

७ नोव्हेंबर
खोकं आलं. गोठ्यात, पोत्यांखाली ठेवलं. परवा बारसं. त्याआधी सगळ्यांना सगळं सांगायचं. नक्की.

९ नोव्हेंबर
बारसं व्हिडिओवर. हर्षलनं दुकानातला पांढरा पाळणा आणलेला. त्यात टोपडं घातलेलं लाटणं. संजीवनीचं तोंड एवढंसं. म्हणाली, बाबा, खरं सांगा, कुठं हाय आपला पाळणा?
सांगणारच होतो. तेवढ्यात गुरांसाठी ढेप काढायला गोठ्यात गेलेली ही परत आली, टोपड्यातला वरवंटा कडेवर घेऊन. मागे, हिनंच बोलावून आणलेल्या सरस्वतीबाई. ही म्हणाली, घ्या, तुमचं लेकरू ऑस्ट्रेलियाहून आलं!
संजीवनी रडायच्या बेतात होती, ती हसत सुटली. म्हणाली, बाबा, तिकडंच बांधा, तुमी तिकडून हलवा, मी इकडून हलवते.
आढ्याला पाळणा बांधला. वरवंटा निजवला. इरा नाव ठेवलं. माझा जेमतेम एक झोका झाला, तोच हिनं वरवंटा उचलला, टोपड्यानंच पुसला आणि सरस्वतीबाईंना घेऊन पाट्याकडे गेली.
रिकामा पाळणा हलवू नये. मोबाईल हातात होता, त्यात इरा होती. तोच आत निजवला आणि दोरी ओढली.
हर्षल म्हणाला, मामा, आमाले इकडं फकत छताचे पत्रे दिसून राह्यले, हलणारे.
म्हणजे काहीतरी पोहोचलं. आणि जागेचं भाडंही लागलं नाही.