लंगडी ओळ

१२ जून

चि. विसरभोळीस,
अनेक आशीर्वाद. तुला एक आजी आहे, ती अजून श्वास घेते, आठवतंय का काही? प्रयोगशाळेतल्या हजार माशांची दुखणीखुपणी तोंडपाठ, आणि माझ्या गुडघ्याची साधी चौकशी नाही! दोन पेरांएवढे ते पट्ट्यापट्ट्यांचे मासे माझ्यापेक्षा नशीबवान. ते वाळतायत म्हणालीस, पुढे काय झालं? जीवाला चैन नाही.
मी सांगते, तुझी काकू लिहिते. खोचक शब्द ती गाळते असा मला संशय आहे, ते तू आपल्या मनाने घाल.
लोभ आहेच; वाढवायचा तर उत्तर लिही.
तुझी आजी

२० जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.
गुडघा कसा आहे? मासे बरे नाहीत. खाऊनही खंगतात, पाठीला बाक येतो, खवले उभे राहतात. रोज सकाळी दोन-चार मेलेले सापडतात. सरांना वाटतं पाणी बिघडलंय, म्हणून मी दिवसभर पाणी तपासते, गाळण्या धुते. मला वेगळीच भीती आहे. पण ती बोलले तर खोलीतले सगळेच मासे मारावे लागतील. त्यातला एक वाण दुसरीकडे कुठेच नाही. सहा वर्षं मी तो सांभाळलाय.
मी ठीक आहे. काळजी नसावी, लोभ असावा.
तुझी नात

२७ जून

चि. लबाडीस,
आशीर्वाद नंतर. मला वाचता येत नाही, पण बघता येतं. तुझी जुनी पत्रं काढून शेजारी ठेवली. त्यांतल्या ओळी सरळ, या पत्रातली ओळ लंगडते. काकू म्हणाली, घाईत लिहिलं असेल. मी म्हटलं, घाईत अक्षर पळतं, लंगडत नाही.
कुठल्या बोटाला काय झालंय? आणि मासे नि तू एकाच वेळी कसे आजारी? डॉक्टरकडे जा, आणि माशांत काम करतेस हे आधी सांग. तो काही ज्योतिषी नाही. मला इथे बसवत नाही की उठवत नाही.
आजी

३० जुलै

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.
हे डाव्या हाताने लिहितेय, ओळींवर रागावू नकोस. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर तीन महिने फोड आहे. नवे मासे आधी वेगळे ठेवायचे असतात. त्यांची टाकी धुताना हातमोजा फाटला, काच लागली. मी कुणाला सांगितलं नाही. शिवाय घाईत त्या टाकीतली जाळी तशीच मोठ्या खोलीत नेली.
दोन डॉक्टरांना मी मासे सोडून सगळं सांगितलं होतं. तिसऱ्याला मासेही सांगितले. बोटात आणि माशांत एकच जंतू निघाला. औषध कित्येक महिने आहे. मग सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, मासे जातील, पण त्या वाणाची अंडी वाचवून बघू. तीनशे अंडी जंतुनाशकात धुऊन नव्या खोलीत ठेवलीत. काल मोठे मासे कायमचं झोपवणाऱ्या औषधाच्या पाण्यात सोडले. मीच सोडले.
आजी, लोभ कमी करू नकोस.
नात

६ ऑगस्ट

चि. डावखुरीस,
पोटभर आशीर्वाद. लहानपणी फुटलेली लोणच्याची बरणी कपाटामागे लपवायचीस, वास यायचाच. अंड्यांतून किती पिल्लं निघाली ते कळव.
औषध घेतेस की नाही ते मात्र लिहू नकोस. काकू मला बरं वाटावं म्हणून गोड करून वाचेल. त्यापेक्षा दर महिन्याला खाऊचा डबा पाठव. बिस्किटं नकोत, दात नाहीत. मऊ केक चालेल. डब्याला दोरी बांध, आणि गाठ उजव्या हाताने, त्याच बोटाने ओढून मार. बोटात जोर किती आला, ते मी सोडताना बघते.